जर्मन रुग्णालयाच्या डिस्चार्ज पत्राचे इंग्रजी भाषांतर: संक्षेप, 'संशय' आणि औषधांची नावे

अनुवादिका_सोलापूर

नमस्कार. मी पुण्यात जर्मन शिकले आणि आता सोलापुरातूनच जर्मन-इंग्रजी भाषांतराची कामे करते. आजवरचे माझे बहुतेक काम इथल्या उद्योगाला धरून होते: टॉवेल निर्यातदारांचा पत्रव्यवहार, मागांच्या सुट्या भागांची माहितीपत्रके, कापडाच्या रंगाचा पक्केपणा तपासल्याचे अहवाल. वैद्यकीय काम प्रथमच हाती आले आहे. नोकरीनिमित्त बरीच वर्षे जर्मनीत काढून आता कायमचे सोलापुरात परतलेले एक गृहस्थ आहेत. परतण्यापूर्वी ते तेथे हृदयविकार विभागात दाखल होते आणि त्या मुक्कामाचे 'आर्त्सब्रीफ', म्हणजे डिस्चार्ज पत्र, त्यांच्याजवळ आहे. आपल्याकडच्या डिस्चार्ज कार्डाच्या मानाने हे पत्र फारच सविस्तर असते. इथल्या फिजिशियननी ते इंग्रजीत करून मागितले असून पुढची औषधे त्यावरूनच ठरणार आहेत. घरच्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असा तपशील गाळून, येथे विचारत आहे.

लांबलचक जोडशब्द मला अडवत नाहीत. 'हेर्त्सइन्सुफित्सिएन्त्स' म्हणजे हार्ट फेल्युअर हे कोणताही कोश सांगतो. गाडे अडते ते दोन-दोन अक्षरांच्या संक्षेपांवर. जवळजवळ प्रत्येक ओळीत 'झेड. एन.', 'व्ही. ए.' किंवा 'ओ. बी.' आहे. (कागदाशी ताडून पाहणे सोपे जावे म्हणून अक्षरे इंग्रजी उच्चाराने लिहिली आहेत.) 'आर. आर. १४५/८५' हा रक्तदाब असणार हे आकड्यांवरून कळते, पण मग 'आर. आर.' कशाचे? 'एच. डब्ल्यू. आय.' हा संक्षेप दोन ठिकाणी आला आहे आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ एकच असेल असे वाटत नाही. रुग्णाने सांगितलेली हकीकत सबंध कॉन्युंक्टिव्हमध्ये, म्हणजे दुसऱ्याचे म्हणणे दाखवणाऱ्या क्रियापदाच्या रूपात, लिहिलेली आहे; इंग्रजीत प्रत्येक वाक्याला 'रुग्णाच्या म्हणण्यानुसार' जोडत बसावे काय? आणि औषधे जर्मन बाजारातील नावांनी दिली आहेत, त्यांच्या जागी इथली नावे घालावीत काय?

महाराष्ट्र शासन आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला आहे. तेव्हा असे कागद यापुढे आपल्यापैकी अनेकांच्या टेबलावर येतील असे मला वाटते. उत्तरे जरा विस्ताराने मिळाली तर उपकार होतील.

जुना_दुभाषी

ताई, आपण दुखणे बरोबर जागी दाखवले आहे. रोगाचे नाव कोशात मिळते, परंतु लिहिणारा डॉक्टर ते नाव किती खात्रीने घेत आहे हे त्या दोन अक्षरांत असते. 'आहे', 'असावे', 'होऊन गेले', 'नाही असे ठरले' आणि 'रुग्ण म्हणतो' या पाच गोष्टी इंग्रजीत पाच वेगळ्या राहिल्या, तर उरलेल्या भाषांतरातील उणीव वाचणारा डॉक्टर स्वतःच्या ज्ञानाने भरून काढू शकतो. त्या एकमेकींत मिसळल्या तर मात्र त्याला ते कळण्याचा काहीच मार्ग नाही, कारण वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आणि वैद्यकीयदृष्ट्या शक्य कोटीतलेच दिसते.

'झेड. एन.' म्हणजे 'त्सुश्टांड नाख', अमुक घडून गेल्यानंतरची स्थिती. शस्त्रक्रिया किंवा अपघात असेल तर 'स्टेटस पोस्ट' चालते; आजार असेल तर 'प्रीव्हियस' किंवा 'हिस्टरी ऑफ' अधिक सहज वाटते. आपल्याकडील डॉक्टरांना ब्रिटिश वळणाची इंग्रजी सवयीची असल्यामुळे मी पहिल्याचा वापर कमी करतो. एक सावधगिरी मात्र ठेवा. हा संक्षेप 'होऊन गेले' एवढेच सांगतो, 'बरे झाले' असे सांगत नाही. म्हणून 'रिझॉल्व्ड', 'क्युअर्ड' असले शब्द आपल्या पदरचे घालू नयेत.

'व्ही. ए.' म्हणजे 'फेरडाख्ट आउफ', सस्पेक्टेड. पत्रासोबत तिकडच्या फॅमिली डॉक्टरचे कागद असतील तर तेथे हाच संशय आणखी लहान होऊन येतो. जर्मनीतील बाह्यरुग्ण व्यवहारात आय. सी. डी. (रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण) संकेतांकाच्या मागे एक अक्षर लावतात: खात्रीच्या निदानाला 'जी', संशयिताला 'व्ही', होऊन गेलेल्याला 'झेड' आणि नाकारलेल्याला 'ए'. 'आय २६.९ व्ही' याचा अर्थ फुप्फुसाच्या धमनीत गुठळी असल्याचा संशय. शेवटचे अक्षर नकलताना गळाले की संशयाचे निदान झालेच म्हणून समजा.

सर्वांत फसवा शब्द 'आउसश्लुस'. 'त्सुम आउसश्लुस' असे लिहिले असेल तर एखादा आजार नाही ना हे पाहण्यासाठी तपासणी केली, एवढाच अर्थ. नुसते 'आउसश्लुस' असेल तर तो आजार नाही असे तपासणीत ठरले. मधला 'त्सुम' एवढासा, पण त्याच्या असण्या-नसण्याने काम बाकी आहे की संपले हे ठरते. इंग्रजीत 'रूल आउट' लिहून मोकळे होण्याचा मोह होतो, आणि आपल्याकडच्या केस पेपरवर तेच दोन शब्द 'पाहायचे आहे' या अर्थाने सर्रास येतात. मी पहिल्यासाठी 'टू एक्सक्लूड' आणि दुसऱ्यासाठी 'वॉज एक्सक्लूडेड' असे क्रियापद पूर्ण लिहितो, मग शैली थोडी जड झाली तरी चालेल.

'ओ. बी.' म्हणजे 'ओहने बेफुंड'. शब्दशः 'बेफुंड नाही'. पण 'बेफुंड' याचा अर्थ अहवाल असाही होत असल्याने नवखा भाषांतरकार 'अहवाल उपलब्ध नाही' असे लिहून बसतो. अभिप्रेत अर्थ 'तपासले, वावगे काही आढळले नाही' असा आहे. 'अनरिमार्केबल' हा त्याचा नेमका इंग्रजी जोडीदार.

आता कॉन्युंक्टिव्ह. मराठी माणसाला हे समजणे इंग्रजांपेक्षा सोपे आहे, कारण आपल्याकडे 'म्हणे' आहे. 'तीन दिवसांपासून दम लागतोय म्हणे, ताप नव्हता म्हणे' हे जे आपण एका शब्दात करतो ते जर्मन डॉक्टर क्रियापदाचे रूप बदलून करतो: जबाबदारी सांगणाऱ्याची, लिहिणाऱ्याची नव्हे. इंग्रजीत अशी सोय नाही. प्रत्येक वाक्यात 'रिपोर्टेड' घातले तर परिच्छेद पोलिसी जबाबासारखा वाटू लागतो. मी आरंभी एकदा 'रुग्णाने पुढील हकीकत सांगितली' अशा अर्थाचे वाक्य घालतो आणि पुढे साधा भूतकाळ वापरतो. परंतु त्याच परिच्छेदात मध्येच एखादे वाक्य साध्या विधानार्थी रूपात आले, उदाहरणार्थ '२०१६ मध्ये हृदयविकाराचा झटका आला', तर ते डॉक्टरने कागदपत्रांवरून स्वतः मान्य केलेले सत्य आहे. तेथे 'अकॉर्डिंग टू द रेकॉर्ड्स' नव्हे, तर कोणताही आडपडदा न ठेवता ते वेगळे वाक्य म्हणून उभे करावे. हा सांधा सापडण्यासाठी हकीकतीचा भाग दोनदा वाचावा, आणि दुसऱ्या वाचनात फक्त क्रियापदांवर पेन्सिलीने खुणा कराव्यात.

फिजिशियन_होटगी_रोड

मॅडम, मी भाषांतरकार नाही. असे भाषांतर ज्याच्या हाती पडते त्या बाजूचा आहे. त्यामुळे कुठे काय घातक ठरते एवढेच सांगतो.

'आर. आर.' हे रिव्हा-रोच्ची. शिपिओने रिव्हा-रोच्ची या इटालियन डॉक्टरने १८९६ मध्ये दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे पाऱ्याचे यंत्र पुढे आणले आणि जर्मन डॉक्टर रक्तदाबाला आजही त्याच्या आद्याक्षरांनी ओळखतात. इंग्रजीत मात्र 'आर. आर.' म्हणजे रेस्पिरेटरी रेट. १४५/८५ असे दोन आकडे असले तर कोणी फसणार नाही, पण 'आर. आर. स्थिर' असे नुसते लिहिलेले असते तेव्हा मी श्वसनाचा वेग स्थिर असे समजून पुढे जाईन. त्याच जातीचा दुसरा संक्षेप 'एल. ए. ई.'. जर्मनमध्ये ती फुप्फुसाच्या धमनीतील गुठळी. आमच्या टू-डी एकोच्या अहवालात तीच अक्षरे डावा कर्णिका-कप्पा मोठा झाल्याबद्दल येतात. हृदयविकाराच्या पत्रात दोन्ही अर्थ तितकेच शक्य वाटतात, म्हणून हा संक्षेप कधीही तसाच ठेवू नये. 'एच. सी. टी.' हे तिकडे हायड्रोक्लोरोथायझाइड हे औषध, इकडे हिमॅटोक्रिट ही तपासणी. 'ई. डी. २०१९' म्हणजे प्रथम निदान २०१९ मध्ये झाले.

'एच. डब्ल्यू. आय.' बद्दल आपली शंका रास्त आहे. तो 'हार्नवेगइन्फेक्ट' असू शकतो, म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग, किंवा 'हिंटरवांडइन्फार्क्ट'. शेजारी काय आहे ते पाहा. पुढे प्रतिजैविक किंवा लघवीची तपासणी असेल तर पहिला. पुढे वर्ष, स्टेंट आणि उजव्या कोरोनरी धमनीचा उल्लेख असेल तर दुसरा. दुसरा असल्यास आणखी एक खाच आहे. 'हिंटरवांड' म्हणजे मागची भिंत, म्हणून शब्दशः 'पोस्टेरियर' लिहावेसे वाटेल. परंतु जर्मन डॉक्टर परंपरेने ज्याला हिंटरवांड म्हणतात, ज्यात ई. सी. जी.च्या दोन, तीन आणि ए. व्ही. एफ. या लीडमध्ये बदल दिसतात, त्याला इंग्रजीत 'इन्फीरियर' म्हणतात. पत्रात लीड दिलेल्या असतील तर त्या पाहून ठरवा, नसतील तर मूळ जर्मन शब्द कंसात राहू द्या. पुढचे मी बघतो.

'हिपरटोनी' हा शब्द तर हमखास येणार. त्याचे 'हायपरटोनिया' करू नका. इंग्रजीत त्याचा अर्थ स्नायूंचा ताठरपणा. आपल्याला हवे आहे ते 'हायपरटेन्शन'. 'हिपोटोनी'चेही तसेच.

आकड्यांबाबत माझा आग्रह जरा कडक आहे: एकक बदलू नका, गणित करू नका. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब वापरतात, आपल्याकडे उलटे. तेवढी चिन्हे बदला, कारण '१.२५०' हे इंग्रजी कागदावर सव्वा वाचले जाईल, जेथे मूळ लेखकाला साडेबाराशे म्हणायचे होते. पण एककाला हात लावू नका. कॅल्शियम '२,३५' पाहून माझ्या पोटात गोळा येईल, कारण मी ते डेसिलीटरमागे मिलिग्रॅममध्ये वाचतो. पुढे मिलिमोल प्रति लिटर लिहिलेले दिसले की चारने गुणून ९.४ येते आणि जीव भांड्यात पडतो. हा गुणाकार मी करीन; आपण केला आणि मूळ आकडा पुसला, तर पडताळायला माझ्यापाशी काही उरत नाही. प्लेटलेट '२१२ प्रति नॅनोलिटर' म्हणजे आपल्या भाषेत दोन लाख बारा हजार. तेही तसेच ठेवा.

औषधांच्या नावाबाबत उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे. बाजारातील जर्मन नाव जसेच्या तसे लिहा आणि त्यापुढे घटक औषधाचे आंतरराष्ट्रीय नाव द्या. इथला पर्याय शोधणे हे भाषांतर नव्हे, ते औषध लिहून देणे झाले. आपल्या रुग्णाच्या यादीत 'मार्कुमार' असण्याची शक्यता मला वाटते. ते फेनप्रोकुमॉन. रक्त पातळ ठेवण्यासाठी आपण इथे बहुधा ॲसिनोकुमॅरॉल किंवा वॉरफरिन देतो, आणि 'सगळी एकाच कुळातली' म्हणून कोणी सद्भावनेने नाव बदलले तर मोठाच घोटाळा होईल. फेनप्रोकुमॉनचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला साधारण पाच-सहा दिवस लागतात, वॉरफरिनला सुमारे चाळीस तास, तर ॲसिनोकुमॅरॉलला अर्ध्या दिवसाहूनही कमी. त्यातून फेनप्रोकुमॉनची गोळी ३ मिलिग्रॅमची असते आणि ॲसिनोकुमॅरॉलचीही त्याच मापाची मिळते, म्हणजे आकडा जुळतो आणि संशयही येत नाही. 'डिजिटॉक्सिन' दिसले तर ते 'डिगॉक्सिन' चुकून तसे छापले गेले असे समजू नका. ती दोन वेगळी औषधे आहेत आणि पहिले जर्मनीत वापरात आहे.

अनुवादिका_सोलापूर

डॉक्टर, तुमचा अंदाज खरा आहे: यादीत मार्कुमार आहे, कारण झडप कृत्रिम आहे. 'एच. डब्ल्यू. आय.' एका ठिकाणी २०१६ आणि स्टेंटसह आहे, दुसऱ्या ठिकाणी प्रतिजैविकासह. म्हणजे दोन्ही अर्थ एकाच पत्रात नांदत आहेत. पहिल्या पानावर दाखल करतानाचे 'व्ही. ए. एल. ए. ई.' आणि चौथ्या पानावर सी. टी. नंतरचे नुसते 'आउसश्लुस', 'त्सुम' नसलेले, हेही आता लागले.

दुभाषीकाका, पत्रात लॅटिन बरेच आहे. 'एक्सिकोझे', 'उल्कुस क्रुरिस', आणि एक 'एम. बेख्टेरेव्ह' आहे ज्याला मी क्षणभर सल्लागार डॉक्टरचे नाव समजत होते. ही नावे इंग्रजीत तशीच ठेवल्यास ती विद्वत्तापूर्ण दिसतील की चुकीची? छातीच्या एक्स-रेच्या वर्णनातील 'फेरशाटुंग'ही मला नीट बसवता आलेला नाही.

जुना_दुभाषी

विचित्र दिसतील, आणि डॉक्टरचा वेळ घेतील. दोन्ही भाषांनी लॅटिन-ग्रीकचे भांडार एकच वापरले, पण घरात मांडणी निराळी केली. १८९५ मध्ये बाझेल येथे शरीररचनेच्या लॅटिन नावांची एकत्रित यादी ठरली आणि पुढे तिच्या सुधारित आवृत्त्या निघत गेल्या. जर्मन डॉक्टर त्या यादीतील लॅटिन रूपे आजही जशीच्या तशी लिहितात. इंग्रजीने त्यांना आपल्या व्याकरणात बसवून घेतले. म्हणून 'आर्टेरिया कारोटिस इंटर्ना' (मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी) इंग्रजीत 'इंटर्नल कॅरॉटिड आर्टरी' होते आणि ओघाने संक्षेपही उलटा होतो: जर्मन 'ए. सी. आय.', इंग्रजी 'आय. सी. ए.'. रोगांचेही असेच. 'उल्कुस क्रुरिस' हा 'लेग अल्सर', 'एक्सिकोझे' साधे 'डीहायड्रेशन', 'आनामनेझे' म्हणजे 'हिस्टरी'. 'ॲनॅम्नेसिस' असा इंग्रजी शब्द आहे, पण केस पेपरवर तो कोणी लिहीत नाही.

'एम.' म्हणजे 'मोर्बुस', व्याधी. 'मोर्बुस बेख्टेरेव्ह' हे 'अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस'. व्यक्तिनामांवरून पडलेली रोगांची नावे सीमा ओलांडताना बहुधा बदलतात. थायरॉइडच्या ज्या विकाराचे वर्णन आयर्लंडच्या ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये आणि जर्मनीच्या बास्डॉ यांनी १८४० मध्ये केले, तो डब्लिनकडे 'ग्रेव्ह्ज' आणि बर्लिनकडे 'बास्डॉ' आहे, आणि भाषांतरकाराने या वादात न पडता वाचकाच्या देशातील नाव लिहावे. 'मोर्बुस बूक' दिसला तर तो सार्कॉइडोसिस. काही नावे, जसे पार्किन्सन किंवा क्रोन, दोन्हीकडे एकच आहेत. ती अपवादच समजा.

'फेरशाटुंग'वर थोडे थांबतो, कारण तेथे शब्दकोश सरळ उलटी दिशा दाखवतो. शब्दाचा अर्थ सावली पडणे. त्याचा जोडीदार 'आउफहेलुंग', म्हणजे उजळणे. आता एक्स-रेची फिल्म डोळ्यांसमोर आणा. न्यूमोनियाचा भाग तिच्यावर पांढरा दिसतो, हवा भरलेली पोकळी काळी. तरीही जर्मन अहवालात त्या पांढऱ्या भागाला 'सावली' आणि काळ्याला 'उजेड' म्हटलेले असते. ही नावे क्ष-किरणांच्या पडद्यावरील चित्रावरून आली आहेत, जेथे घट्ट अवयवाची खरोखरच काळी छाया पडत असे आणि हवेचा भाग चमकत असे. पुढे फिल्म आली, रंग उलटले, नावे राहिली. म्हणून 'फेरशाटुंग' म्हणजे 'ओपॅसिटी' आणि 'आउफहेलुंग' म्हणजे 'ल्युसन्सी'. दुसऱ्याचे कोणी 'ब्राइट एरिया' केले तर डॉक्टर फिल्मवर भलत्याच जागी पाहील. 'राउमफोर्डेरुंग' आले तर 'स्पेस-ऑक्युपाइंग लीजन' किंवा 'मास' लिहावे, 'ट्यूमर' लिहू नये. मूळ डॉक्टरने तो शब्द मुद्दाम टाळलेला असतो.

वॉर्डातली_परिचारिका

मी मूळची सोलापूरची, सध्या जर्मनीत एका रुग्णालयात काम करते. ही पत्रे कशी तयार होतात ते रोज पाहते, म्हणून थोडी भर घालते. त्यातील बराचसा मजकूर आधीच बेतून ठेवलेल्या तुकड्यांचा असतो. 'चांगल्या ए. झेड. आणि ई. झेड. मध्ये' हे वाक्य तर जवळपास प्रत्येक पत्रात सापडेल, ए. झेड. म्हणजे एकंदर प्रकृती, ई. झेड. म्हणजे पोषणाची स्थिती. हे शब्द अलंकारिक करण्याची गरज नाही, 'जनरल कंडिशन गुड' पुरेसे आहे. याउलट 'थेरपी आणि फेरलाउफ' (उपचार आणि आजाराची वाटचाल) हा भाग डॉक्टर त्या रुग्णासाठी खास लिहितो. भाषांतराला वेळ कमी असेल तर आपला जीव त्या भागात ओतावा.

हकीकतीबद्दल काकांनी 'म्हणे'चे जे सांगितले ते वाचून मला सोलापूरचा वॉर्ड आठवला, जेथे आजी तेलुगूत किंवा कन्नडमध्ये सांगतात, सून ते मराठीत सांगते आणि केस पेपरवर ते इंग्रजीत उतरते. तेथे कोण सांगते आहे हे न लिहिल्याने होणारा गोंधळ आपण सर्वांनी पाहिला आहे. जर्मन पत्रात नातेवाइकाने दिलेली माहिती 'फ्रेमडआनामनेझे' म्हणून वेगळी नोंदवतात. तो शब्द आला तर 'नातेवाइकांकडून मिळालेली माहिती' हे इंग्रजीत जरूर आणावे.

औषधांची वेळ '१-०-१-०' अशी लिहिलेली असेल. आपल्याकडेही १-०-१ चालत असल्याने इथल्या डॉक्टरना ते लगेच कळेल, फक्त चौथा आकडा झोपण्यापूर्वीचा आहे हे एकदा टिपेत सांगा. 'बाय बेडार्फ' म्हणजे गरज पडेल तेव्हाच. हे गळाले तर वेदनाशामक रोजचे होऊन बसते. त्या जागी 'नोव्हाल्गिन' असण्याची शक्यता खूप आहे. ते मेटामिझोल. इंग्लंड-अमेरिकेत ते बाजारात नसल्याने इंग्रजी साधनांत आपल्याला फारसे सापडणार नाही, पण आपल्याकडचे जुने डॉक्टर ते 'अ‍ॅनाल्जिन' म्हणून ओळखतात; भारतात २०१३ मध्ये त्यावर बंदी आली आणि पुढच्या वर्षी अटींसह ती उठली. ए. एस. एस. १०० म्हणजे ॲस्पिरिनच. आणि 'आम्ब्युलान्त्स' म्हणजे रुग्णवाहिका नव्हे, रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग.

आणखी एक सोपी वाट आहे. ऑक्टोबर २०१६ पासून जर्मनीत किमान तीन औषधे चालू असलेल्या रुग्णाला ठरावीक नमुन्यातील औषध-तक्ता मागून घेण्याचा हक्क आहे. त्यात घटक औषध, बाजारातील नाव, मात्रा आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र असे रकाने असतात. त्या गृहस्थांकडे तो कागद असेलच. आधी तो मागून घ्या. पत्रातील नावे त्यावरून पडताळता येतील.

डॉक्टरांशी एका मुद्द्यावर माझे मत जरा वेगळे आहे. संक्षेप उलगडलाच तर मूळ अक्षरेही प्रत्येक ठिकाणी कंसात ठेवावीत, नुसती शंकेच्या जागी नव्हे. उद्या इथल्या डॉक्टरला आमच्या वॉर्डात फोन करावा लागला तर दोघांसमोर एकच अक्षरे असतील.

जुना_दुभाषी

प्रत्येक ठिकाणी ठेवली तर सहा पानांची नऊ होतील आणि वाचणारा तिसऱ्या पानावर कंटाळेल. मी प्रथम येते तेथे आणि जेथे दोन अर्थ शक्य आहेत तेथे ठेवतो. मूळ पत्राची प्रत सोबत जोडलेलीच असते, दोन्हीची पाने आणि परिच्छेद एकमेकांसमोर येतील असे ठेवले की फोनवर बोलणे जमते. हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे, मला त्यात भांडायचे नाही.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. कोणीतरी सुचवेलच की यंत्राकडून भाषांतर करून घ्या. सलग वाक्ये यंत्र बरी करते, पण 'एच. डब्ल्यू. आय.'चा अर्थ पहिल्या पानावर एक लावला की चौथ्यावरही तोच लावण्याकडे त्याचा कल असतो. शिवाय रुग्णाचे नाव आणि जन्मतारीख असलेला कागद कोणत्याही मोफत सेवेवर चढवणे हे त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय करू नये.

अनुवादिका_सोलापूर

सर्वांचे आभार. औषध-तक्ता खरोखरच त्यांच्या फायलीत निघाला. आता एकच अडचण उरली आहे. निदानांच्या यादीत ए. सी. आय. अरुंद झाल्याची बाजू 'लिंक्स' म्हणजे डावी लिहिली आहे, आणि मानेच्या डॉपलर तपासणीच्या वर्णनात तीच 'रेश्ट्स', उजवी. वर्णनात मोजमापे असल्याने उजवी खरी असावी असे मला वाटते. यादीत दुरुस्ती करू काय?

फिजिशियन_होटगी_रोड

करू नका. दोन्ही ठिकाणी मूळ आहे तसेच ठेवा आणि खाली भाषांतरकाराची टीप म्हणून लिहा की मूळ पत्रात अमुक पानावर डावी आणि अमुक पानावर उजवी असा उल्लेख आहे. आपला अंदाज बहुधा बरोबर असेल, पण निदानाची यादी हीच पुढे प्रत्येक कागदावर नकलली जाते, आणि आपण ती मुकाट्याने सुधारली तर जर्मन आणि इंग्रजी अशा दोन परस्परविरोधी याद्या त्यांच्या फायलीत कायमच्या राहतील. घरच्यांनी त्या विभागाच्या कार्यालयाला ई-मेल करून दुरुस्त पत्र मागवावे. मजकूर आपणच जर्मनमध्ये लिहून दिलात तर काम लवकर होईल. त्यात पानांचे क्रमांक आणि दाखल असल्याच्या तारखा द्या. उत्तर येईपर्यंत मानेचा डॉपलर इथेच पुन्हा करून घेता येईल. त्यासाठी भाषांतर पूर्ण होण्याची वाट पाहू नये, आणि मार्कुमारच्या गोळ्या किती दिवस पुरतील हे त्यांना आजच विचारून घ्यावे.